बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

३ जुलै

बाकी,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. मावशीला सांगू नकोस, ती माझ्या आईला कळवेल आणि मग दोघी बहिणी मिळून माझी हजेरी घेतील. नव्या शाळेत माझा जीव मुठीत असतो. मी अजून हंगामी आहे. कायम करायचं की नारळ द्यायचा, ते सप्टेंबरात ठरणार.

तुझ्याकडे एक काम आहे. काल मी नववीला संख्या फोडायला शिकवत होते आणि मोठ्या बाई अचानक येऊन मागच्या बाकावर बसल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. गंमत म्हणून मी फळ्यावर एकापासूनचे आकडे ओळीने लिहीत गेले. १२ दोनाने फुटला, १२३ तिनाने, १२३४ पुन्हा दोनाने, १२३४५ पाचाने, १२३४५६ दोनाने. १२३४५६७ पाशी वर्ग अडला. दोन, तीन, पाच, सात, कशानेच जाईना. तेवढ्यात मागून मोठ्या बाईंनी विचारलं, ‘हा फुटतच नाही का हो?’

‘पाहून सांगते’ असं म्हणता आलं असतं. पण त्यांची वही उघडी होती आणि पेन हातात होतं. मी म्हटलं, ‘नाही. ही मूळ संख्या आहे.’ घरचा पत्ता सांगावा तसं म्हणाले. त्या खूश झाल्या. ‘मग सोळा सप्टेंबरच्या पालकसभेत हेच घ्या. समितीही असेल.’ समिती म्हणजे माझं नशीब ठरवणारे चार लोक.

आता ती खरंच मूळ आहे का, हे मला माहीत नाही. माझ्याकडे पेपरांचा ढीग आहे, तुझ्या भावोजींची पाळी बदलली आहे आणि मोठे भागाकार करताना माझी नजर घसरते. तू लहानपणी ताटावर बसूनसुद्धा भागाकार करायचास आणि ‘बाकी किती?’ म्हणून सगळ्यांना भंडावायचास, म्हणून तर तुझं हे नाव पडलं. तेवढं बघशील का? म्हणजे, ती फुटत नाही एवढं बघ.

तुझी,
ताई


९ जुलै

ताई, नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. हे उत्तर मी दुसऱ्यांदा लिहीत आहे, कारण पहिल्या कागदावर ‘मुख्याध्यापिका’ लिहिताना खाडाखोड झाली आणि तुला ती दिसू नये असं वाटलं.

काम आनंदाने करीन. मला इथे जी कामं सांगतात ती हाताची असतात. आमच्या कारखान्यात दातेरी चाकं कापतात हे तुला माहीत आहे. मिस्त्रीकाका म्हणतात, ‘तू मापाला बरा आहेस, पण बोलायला लागलास की यंत्र बंद पडतं.’ डोक्याचं काम पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

एक शंका आहे. कुठपर्यंत जायचं? बारा लाखांपर्यंत प्रत्येक आकड्याने भाग द्यायचा झाला तर मी म्हातारा होईन आणि तुझी सभा उरकून जाईल. शाळेत हे शिकवत असतील, पण त्या वर्गापर्यंत मी पोचलो नाही. प्रश्न बालिश असेल तर माफ कर.

आईची तब्येत ठीक आहे. तिने तुला भरल्या हाताने आशीर्वाद लिहायला सांगितलं आहे. भरल्या हाताने म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

तुझा,
बाकी


१३ जुलै

बाकी,

प्रश्न मुळीच बालिश नाही. १,१११ पर्यंत जा, पुढे नको. संख्या दोन भागांत फुटली आणि दोन्ही भाग १,१११ पेक्षा मोठे असले, तर त्यांचा गुणाकार आपल्या संख्येच्या पार जाईल. म्हणजे फुटलीच तर एक भाग १,१११ च्या आत सापडणारच. आणि भागही फक्त मूळ संख्यांनी द्यायचा. सहाने जाणार असेल तर दोनाने आधीच गेला असता, मग सहाच्या वाट्याला कशाला जायचं? हे ऐकून नववी जांभया देते. तू तरी देऊ नकोस.

घाईत,
ताई


१८ ऑगस्ट

ताई, नमस्कार.

काम झालं. कशानेच भाग जात नाही. तू वर्गात सांगितलंस ते बरोबर आहे.

कसं केलं ते सांगतो, म्हणजे तुला सभेत उपयोग होईल. आधी मूळ संख्यांची यादी हवी होती. दीडशेच्या पुढची मी स्वतः चाळून काढली. दीडशेच्या आतली मात्र कारखान्याच्या भिंतीवर तयारच होती. चाकाचे दाते सारख्या अंतरावर पडावेत म्हणून यंत्राला भोकं पाडलेली गोल तबकडी लावतात. ज्या आकड्याचे भाग पडतात त्याचं काम दुसऱ्या तबकडीवर भागतं, पण मूळ संख्येला तिची स्वतःचीच लागते. थोरल्या मालकांनी हौसेने दीडशेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांच्या तबकड्या करून घेतल्या होत्या. त्या खिळ्यांवर ओळीने टांगलेल्या असतात आणि प्रत्येकीवर आकडा ठोकलेला असतो. जेवणाच्या सुट्टीत मी ते आकडे कागदावर उतरवून घेतले. एकशे तेरानंतर एकदम एकशे एकतीसच येतो. मध्ये एवढा ओसाड पट्टा असेल असं वाटलं नव्हतं, पण तबकड्या कशाला खोटं बोलतील?

सातने भागलं की पाच उरतात, अकराने चार, तेराने नऊ, सतराने दहा, एकोणीसने पुन्हा चार, तेवीसने एकोणीस. एकशे तेराने बेचाळीस, एकशे एकतीसने तेवीस. शेवटची १,१०९, तिने अडीचशे. प्रत्येक भागाकार मी उलटा गुणून ताडून पाहिला आहे. संख्या कुणालाच बधली नाही. खरं सांगायचं तर शेवटी मला तिच्याबद्दल आदर वाटायला लागला.

सगळे कागद सोबत पाठवत आहे. ‘विभाज्य’ काही ठिकाणी घाईत लिहिला आहे, तो नजरेआड कर.

तुझा,
बाकी


२४ ऑगस्ट

बाकी, माझ्या राजा,

कागद उघडले आणि मी स्वयंपाकघरातच बसून सगळे पाहिले. किती सुबक काम आहे! भावोजी म्हणाले, ‘हा मुलगा गिअर कापतो की दागिने घडवतो?’

मोठ्या बाईंना मी सांगितलं की पूर्ण तपासणी झाली आहे. त्या इतक्या खूश झाल्या की चित्रकलेच्या सरांकडून एक मोठा फलक रंगवून घेतला आणि तो बाहेरच्या भिंतीवर लावला. वर १२,३४,५६७ आणि खाली ‘मूळ संख्या’. येता-जाता मुलं तिला सलाम ठोकतात.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगून टाकते. ‘तपासणी तुम्ही केलीत?’ असं त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली. नुसती मान. तुझं नाव ओठांवर आलं होतं, पण गणिताच्या बाईंनी भागाकार मावसभावाकडून करून घेतले हे कसं दिसेल, या विचाराने ते मागे फिरलं. रागावू नकोस. माझी ही नोकरी टिकली तर तू मागशील ते.

सभेला ये. मागे बसून नुसतं बघ. तुझी संख्या भिंतीवर कशी दिसते ते तरी बघ.

ताई


३० ऑगस्ट
(हे पत्र टाकलं नाही.)

ताई,

आज एकशे सत्तावीस दात्यांच्या चाकांची मागणी पुरी झाली. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायला ते चाक लागतं. मी इथे लागलो त्याच्याही आधीपासून एका यंत्रावर तेवढंच काम चालू होतं. संध्याकाळी मिस्त्रीकाकांनी त्या यंत्रावरची तबकडी उतरवली, पुसली आणि भिंतीवर टांगायला नेली. एकशे तेरा आणि एकशे एकतीस यांच्या मधल्या खिळ्यावर. त्या खिळ्याला मी रोज माझी टोपी अडकवतो. काका म्हणाले, ‘टोपी काढ रे, घरची मालकीण आली.’

तबकडीवर १२७ ठोकलेलं होतं.

मी तिथेच पुठ्ठ्याच्या तुकड्यावर भाग दिला. पूर्ण गेला. नऊ हजार सातशे एकवीस वेळा, आणि खाली काहीच उरलं नाही. काकांनी विचारलं, ‘बरं वाटत नाही का?’ मी म्हटलं, ‘पोटात कळ आली.’

ताई, ती मूळ नाही. तू फलक काढून


२ सप्टेंबर

ताई, नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, आनंद झाला. रागावण्यासारखं काहीच नाही. मान हलवलीस ते ठीकच केलंस.

मला सभेला येता येणार नाही. कामाचा रेटा आहे, आणि बोटाला थोडं लागलं आहे. काळजीचं कारण नाही, डावं बोट आहे. शिवाय सभेला घालण्यासारखे कपडेही नाहीत.

मला एक सुचलं, ते सांगू का? सभेत पालकांना एवढी मोठी संख्या कंटाळवाणी वाटेल. एखादी लहान घेतलीस तर? किंवा दुसराच विषय, भूमितीतला वगैरे. त्रिकोण सगळ्यांना आवडतात. फलकाचं काय, पावसापाण्याने खराब झाला म्हणून काढता येतो. हा फक्त विचार आहे. तू ठरवशील तसं.

आईचे आशीर्वाद.

बाकी


७ सप्टेंबर

बाकी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. डावं बोट, कपडे, त्रिकोण. तू मला दुधखुळी समजतोस का? तुझ्या पत्रात पहिल्यांदाच ‘तुझा’ शब्द नाही, नुसतं ‘बाकी’ आहे. तुला लागलं आहे, आणि ते बोटाला नाही.

तुझ्या जागी मी असते तर एवढंही पत्र टाकलं नसतं. तुझं दीड महिन्याचं काम मी एका मानेच्या झटक्यात गिळलं आणि वर तुला मागच्या रांगेत बसायला बोलावलं. तुझी लाज वाटून नाव घेतलं नाही, असं तुला वाटत असेल. तसं नाही रे. लाज वाटली ती माझीच, मला येत नाही याची.

आता ऐक. सभेत मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की ही तपासणी माझ्या मावसभावाने केली. तो कारखान्यात चाकं कापतो, त्याची शाळा नववीत सुटली, आणि त्याने एकेक भागाकार हाताने केला. मोठ्या बाईंना काय वाटायचं ते वाटो. त्यांनी मला काढलं तरी चालेल, पण हे मी बोलणार. आता तरी ये. भावोजींचा सदरा तुला होतो.

ताई


१० सप्टेंबर

ताई,

सभेत माझं नाव घेऊ नकोस. ती संख्या मूळ नाही.

१२७ × ९७२१ = १२,३४,५६७.

हातानेच ताडून बघ. ९७२१ ला शंभराने गुणलं की ९,७२,१०० येतात. सत्तावीसने गुणलं की २,६२,४६७. बेरीज कर.

एकशे सत्तावीसची तबकडी कायम यंत्रावर असायची, म्हणून भिंतीवरचा तिचा खिळा रिकामा होता. मी भिंतीवर होत्या तेवढ्याच तबकड्या लिहून घेतल्या. ही चूक माझी. पण तेवढीच नाही. मधला ओसाड पट्टा बघून मला तेव्हाच शंका आली होती. तुला पत्रात तसं लिहिलंही आणि हसण्यावारी नेलं. कागद-पेन्सिल हातात होती. एकशे चौदापासून एकेक आकडा तपासायला पाव तास लागला नसता. पण तू म्हणाली होतीस, फुटत नाही एवढं बघ. मला तुझ्यासाठी ती न फुटलेलीच आणून द्यायची होती, म्हणून मी तिकडे पुन्हा वळून पाहिलं नाही.

हे मला तीस ऑगस्टपासून माहीत आहे. तरी मी तुला बोट आणि कपडे लिहिलं. बोटाला काहीही झालेलं नाही. कुणी तपासणार नाही, सभा पार पडेल आणि मग सावकाश सांगेन, असा हिशेब होता. तू माझ्यावर रागावायच्या ऐवजी स्वतःवर रागावलीस, हे वाचून माझ्याने पुढे रेटवेना.

फलक काढून घे. सभेत जे खरं आहे ते सांग, आणि सगळा दोष माझ्यावर टाक. मी शाळेतला नाही, माझं काही जाणार नाही.

बाकी


२५ सप्टेंबर

बाकी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

तुझं पत्र सभेच्या आदल्या दिवशी मिळालं. उशिरा मिळालं असं लिहिणार होते, पण आता तुझ्याशी खोटं बोलवत नाही. मी ते वाचलं, गुणाकार केला, तो बरोबर आला. रात्री भावोजींना म्हटलं, डोकं दुखतंय.

सकाळी मी ठरवून गेले होते की खरं सांगायचं. मग बाहेरून सभागृहात आणून ठेवलेला तो फलक. चित्रकलेच्या सरांनी त्याला सोनेरी कडा लावली होती. पहिल्या रांगेत समिती. मोठ्या बाईंनी माझी ओळख करून देताना ‘आमच्या’ बाई म्हटलं, हंगामी म्हटलं नाही. मी उभी राहिले आणि ठरवलेलं सगळं भाषण केलं. संख्या मूळ आहे, १,१११ पर्यंत का जायचं, सगळं. आणि तुझं कौतुकही केलं, जसंच्या तसं. नववीत शाळा सुटली, एकेक भागाकार हाताने. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. तुझ्यासाठी. समितीतले एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘अशा माणसाला आम्हाला भेटायचंय.’

परवा मला कायम केल्याचं पत्र मिळालं.

तू कुणाजवळ बोलू नकोस. दिवाणखान्यात सजवून ठेवलेल्या फळासारखी ती संख्या आहे, तिला कोण चावून बघणार? वर्ष गेलं की फलक रंगवायच्या निमित्ताने उतरवीन. तोवर गप्प बस, एवढं माझ्यासाठी कर.

ताई


२९ सप्टेंबर

ताई, नमस्कार.

टाळ्यांबद्दल वाचलं तेव्हा आधी मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं. सगळ्या आयुष्यात मला पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या आणि मी तिथे नव्हतो, असं वाटून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. कशाबद्दल मिळाल्या ते नंतर आठवलं.

पत्र आईच्या हाताला लागलं. तिने पुढचं काही वाचलं नाही, टाळ्यांचं तेवढं वाचलं आणि शेजारच्या शिंपीणबाईंना सांगितलं. त्या मला जिन्यात भेटून म्हणाल्या, ‘नाव काढलंस.’ मी त्यांना धन्यवाद म्हणालो. मग वर जायचं सोडून उगाच पुन्हा खाली गेलो.

तू म्हणतेस तर गप्प बसतो. माझ्या चुकीवर तुझी नोकरी उभी आहे, ती मीच कशी ओढून काढू? मिस्त्रीकाकांनाही मी काही बोललो नाही. टोपी आता खिशात ठेवतो.

बाकी


११ ऑक्टोबर

बाकी,

तुझ्याशिवाय हे कुणाला सांगता येणार नाही.

नववीत एक मुलगी आहे. इतकं कमी बोलते की हजेरीला ‘हजर’सुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणते. सभेच्या वेळी ती आजारी होती. परवा मधल्या सुट्टीत ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, ‘बाई, बाहेरच्या फलकावरची संख्या एकशे सत्तावीसने जातेय. माझं काहीतरी चुकतंय का?’

मी वही पाहिली. भागाकार स्वच्छ होता. खाली शून्य, त्याच्याखाली दोन रेघा. मला म्हणता आलं असतं, शाबास. माझ्या तोंडातून निघालं, ‘घाईत केलायस. पुन्हा कर.’

ती तिथेच टेबलाला वही टेकवून पुन्हा करायला लागली. मी तिच्याकडे बघत होते. पुन्हा शून्य आलं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग खोडरबर घेतलं, ते शून्य खोडलं आणि तिथे एक लिहिला. म्हणाली, ‘हो बाई. एक उरतो.’

आणि मी म्हटलं, ‘बघ. सांगितलं नव्हतं?’

बाकी, बरोबर उत्तर मी तिच्या हाताने खोडून घेतलं. गणित शिकवायला म्हणून मला कायम केलं आहे. काल तिच्या वर्गावर तास होता. मी फळ्याकडे तोंड करून शिकवलं, पूर्ण तास. मला काय करायला हवं ते कळतंय. नुसतं कुणीतरी मला ते करायला लाव.

ताई


१४ ऑक्टोबर

ताई,

शनिवारी अर्धी रजा घेतली आहे. सकाळच्या गाडीने येतो. आधी मोठ्या बाईंना भेटू, मग वर्गात जाऊ. दोन्हीकडे तू बोल. तुला वाटलं तर माझ्या वाट्याचं मी बोलेन. भावोजींचा सदरा नको, माझा आहे तो चालेल.

तुझा,
बाकी


२१ ऑक्टोबर

ताई, नमस्कार.

नीट पोचलो. गाडीत जागा मिळाली. येताना तू दिलेली छत्री गाडीत राहिली, ती मी भरून देईन.

त्या दिवशी घाईत नीट बोलणं झालं नाही. तू मोठ्या बाईंच्या खोलीत होतीस तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. आतून आवाज येत नव्हता, आणि मला वाटत होतं की आवाज आला असता तर बरं झालं असतं. तू बाहेर येऊन म्हणालीस, ‘कायम केल्याचं पत्र परत मागितलं. आणखी एक वर्ष हंगामी, मग बघू म्हणाल्या.’ तेव्हा मला जे सुचत होतं ते सगळं सांत्वनाचं होतं आणि मला ते बोलायचा अधिकार नव्हता. मागोमाग त्या स्वतः बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘ते कारखान्यातले तुम्हीच ना? मग हा फलक तुम्हीच उतरवा, सरांना कमरेचा त्रास आहे.’ तो उतरवताना मला जेवढं हलकं वाटलं तेवढं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. त्यांना हे कळलं असावं असा मला संशय आहे.

वर्गात तू फळ्यावर १२७ × ९७२१ लिहिलंस आणि वळून म्हणालीस, ‘या तपासणीत एक आकडा सुटला होता, आणि ही संख्या फुटते हे सभेच्या आधीच मला माहीत होतं. तुमच्यातल्या एकीने बरोबर उत्तर आणलं, आणि मी तिला चूक म्हटलं.’ तू तिचं नाव घेतलं नाहीस हे चांगलं केलंस. पण तू बोलताना वर्गाच्या मागच्या भिंतीकडे बघत होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. मी दाराशी होतो, मला सगळे दिसत होते. बाकीची मुलं एकमेकांना कोपराने ढोसत होती, कोण ती म्हणून. एक मुलगी मात्र डोकं खाली घालून वहीचा कोपरा दुमडत होती. मला वाटलं होतं ती खूश होईल.

शाळा सुटल्यावर ती फाटकाशी भेटली. मी तिला सांगितलं की पहिली चूक माझी होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मला माहीत होतं की जातो. मी घरी तीनदा केला होता.’

मी विचारलं, ‘मग खोडलंस कशाला?’

ती म्हणाली, ‘बाई वहीकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.’ तिने चपलेच्या टोकाने माती सारली. ‘त्यांना एक उरायला हवा होता.’

मग म्हणाली, ‘त्यांना सांगू नका हं. माझ्यामुळे त्यांना सगळ्यांसमोर बोलावं लागलं.’

मी हो म्हणालो, आणि तरीही तुला लिहीत आहे. न सांगता ठेवलेल्या गोष्टींचं आपल्या दोघांकडून काय झालं ते आपण पाहिलं आहे.

फाटकाशी तिला काहीतरी चांगलं म्हणावं म्हणून मी खूप शोधलं. ती सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होती, पकडली गेलेली तीच असल्यासारखी. ताई, तुला वाटायला हवी आणि मला वाटायला हवी, ती सगळी लाज ती पोरगी उचलून घरी घेऊन गेली. ती तिच्याकडून काढून घ्यायला हवी. मला ते जमलं नाही. हे पत्र मिळालं की तू तिच्याशी बोल, आणि बोलताना तिच्याकडे बघ.

तुझा,
बाकी